जुन्या इंजिनाचं वय कसं काढायचं: नंबर, प्लेट आणि बाकीचा पुरावा

गोठ्यामागे, बंद पडलेल्या गिरणीत किंवा विहिरीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये जुनं ऑइल इंजिन पडून असतं. कधीकाळी त्यानं पाणी उपसलं, ऊस गाळला, दळण दळलं. विजेची मोटार आली आणि ते बाजूला झालं. आता घरातलं कुणीतरी ते साफ करायला घेतं आणि पहिलाच प्रश्न येतो: हे बनलं कधी? घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं, 'इंग्रजांच्या काळातलं आहे'. जुन्या बाजारातल्या विक्रेत्याचं उत्तर त्याहूनही जुनं असतं, कारण वय वाढलं की भाव वाढतो.

इंजिनावर नंबर असतोच, मग त्यावरून साल काढता येईल असं वाटणं साहजिक आहे. येतंही, पण सरळ नाही. बहुतेक जुन्या इंजिनांच्या नंबरात साल लपलेलं नसतं. इंजिन तयार झालं की कारखान्यात त्याला पुढचा नंबर ठोकायचे आणि वहीत त्या नंबरापुढे मॉडेल, घोडे (हॉर्सपॉवर), मिनिटाचे फेरे, गिऱ्हाईक, पाठवल्याची तारीख असं लिहायचे. वही हाताशी असेल तर नंबरावरून सगळं मिळतं. नसेल तर इंजिनाच्या अंगावरच्या बाकीच्या खुणा वाचाव्या लागतात. हा लेख मुख्यतः त्या खुणांबद्दल आहे, कारण आपल्याकडे मिळणाऱ्या इंजिनांची वही सहसा हाती लागत नाही.

पहिली पायरी: इंजिन कुणाचं?

कुठल्या साली कुठले नंबर ठोकले याच्या याद्या कंपनीवार मिळतात. ही पायरी लोक गाळतात आणि मग चुकीच्या यादीत आपला नंबर शोधत बसतात. नंबर ज्याचा त्याचा असतो. एकाच्या यादीत दुसऱ्याचा नंबर बसवला तरी कुठलं ना कुठलं साल निघतंच आणि ते खरंही वाटतं.

सगळ्यात मोठा घोटाळा लिस्टरच्या बाबतीत होतो. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमधल्या डर्स्ली गावी आर. ए. लिस्टर कंपनीनं १९३० च्या सुमारास सीएस हे सावकाश फिरणारं, दोन जड फ्लायव्हीलचं (बाजूच्या फिरत्या चाकांचं) डिझेल इंजिन काढलं. त्यातलं ६/१, म्हणजे सहा घोडे आणि एक सिलिंडर, मिनिटाला ६५० फेरे, भारतभर लोकप्रिय झालं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) साडेचार इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) साडेपाच इंच. पुढे गुजरातेत राजकोटला त्याच मापाची, त्याच तोंडवळ्याची इंजिनं शेकडो कारखान्यांतून निघू लागली. सुटे भागसुद्धा एकमेकांना बसतात. त्यामुळे दिसायला लिस्टर असलेलं इंजिन बऱ्याचदा राजकोटचं असतं. त्याच्यावर '६/१' असं लिहिलेलं असतं म्हणून ते डर्स्लीचं ठरत नाही. प्लेटवर 'डर्स्ली, इंग्लंड' असा पत्ता हवा आणि ओतकामातही नाव हवं. राजकोटच्या इंजिनाचा नंबर लिस्टरच्या यादीत शोधू नका. राजकोटला बहुतेक वेळा नंबर त्या त्या कारखान्याच्या मर्जीचा असतो.

दुसरा घोटाळा नावं सारखी असल्याचा. पेटर कंपनीचं एव्ही१ आणि किर्लोस्करचं एव्ही१, दोन्हींचं बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, १५०० फेऱ्यांना पाच घोडे. पण एक इंग्लंडचं, दुसरं पुण्याचं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात सुरू झाली, त्यामुळे तिच्या नावाचं इंजिन त्याआधीचं असूच शकत नाही, आजोबा काहीही म्हणोत. तसंच रस्टन अँड हॉर्न्सबी ही मूळची इंग्लंडातल्या लिंकनची कंपनी, पण चिंचवडला 'रस्टन अँड हॉर्न्सबी (इंडिया)' या नावाचा कारखाना होता. प्लेटवर कंसातलं 'इंडिया' दिसलं तर लिंकनच्या यादीचा उपयोग नाही.

साताऱ्याच्या कूपर कारखान्याला मी मुद्दाम वेगळं काढतो. धनजीशा कूपर यांच्या या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं बनू लागली. म्हणजे स्वातंत्र्याआधीचं पण इंग्लंडात न बनलेलं इंजिन महाराष्ट्रात सापडू शकतं. 'इंग्रजांच्या काळातलं' हे वाक्य अशा वेळी अगदी खरं निघतं आणि तरी इंजिन सातारचं असतं.

दुसरी पायरी: नंबर शोधा

पितळी किंवा ॲल्युमिनियमची प्लेट बहुतेक वेळा क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) बाजूला, पाण्याच्या हॉपरवर (थंड करायच्या टाकीवर) किंवा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या बाजूच्या झाकणावर असते. प्लेट नसेल तर निराश व्हायचं कारण नाही. नंबर लोखंडावरही ठोकलेला असतो, पण तो सपाट केलेल्या जागी असतो, ओबडधोबड ओतीव भागावर नव्हे. म्हणून जिथे जिथे कारखान्यात रंधा किंवा मिलिंग मारलेलं दिसतं तिथे बघा: सिलिंडर जिथे क्रँककेसवर बसतो ती कड, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज बनवणारा भाग) किंवा डिझेलचा पंप बसवायची बैठक, साइड कव्हरच्या बोल्टांजवळची पट्टी. काही अमेरिकन पेट्रोल इंजिनांत फ्लायव्हीलबाहेर डोकावणाऱ्या क्रँकशाफ्टच्या टोकावर नंबर असतो. तिथे गंज आणि ग्रीसचा थर इतका असतो की बोटानं चाचपून कळत नाही.

एक इशारा. ओतकामातून वर उठलेले आकडे आणि ठोकून खोल गेलेले आकडे या दोन वेगळ्या गोष्टी. उठलेले आकडे साच्यातून आलेले, म्हणजे तो भागाचा नंबर. त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक भागावर तोच आकडा असणार. नवखे लोक फ्लायव्हीलवरचा उठलेला आकडा घेऊन साल विचारतात आणि मग कुणीच उत्तर देत नाही म्हणून वैतागतात. तुमच्या इंजिनाचा स्वतःचा नंबर नेहमी ठोकलेला असतो.

साफ करताना इथेच बरीच इंजिनं आपली ओळख गमावतात. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पितळी प्लेट चमकवली की पन्नास वर्षं टिकलेले अंक एका मिनिटात जातात. प्लेट रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापडानं झाका, रात्रभर राहू द्या, मग जुन्या टूथब्रशनं हलके घासा. रंगाचे थर असतील तर रंग काढायचं रसायन वापरा, पण ॲल्युमिनियमच्या प्लेटवर कॉस्टिक सोडा कधीही नको, ती खाल्ली जाते. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून चाला: कोरडं घासू नका, धूळ अडवणारा चांगला मास्क लावा; नुसतं फडकं पुरत नाही. आणि प्लेटचे रिव्हेट काढू नका. कारखान्याचा मूळ रिव्हेट हाही एक पुरावा असतो. स्क्रूनं बसवलेली चकचकीत प्लेट दिसली की मला आधी शंका येते, कारण जुन्या नमुन्याच्या कोऱ्या प्लेट बनवून विकल्या जातात आणि त्यावर हवा तो नंबर ठोकता येतो.

तिसरी पायरी: नंबर नीट वाचा

भर उन्हात प्लेटचा फोटो काढला तर काहीच दिसत नाही. संध्याकाळी, शेडमध्ये, टॉर्च प्लेटला जवळजवळ समांतर धरा. कडेनं येणाऱ्या उजेडात ठोकलेल्या अंकांच्या सावल्या पडतात आणि पुसट अंक वर येतात. टॉर्च चारही बाजूंनी फिरवा, प्रत्येक बाजूनं फोटो घ्या. प्लेटवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली तरी ठसा उमटतो. खडू चोळून वरचा पुसून घेणं हीही जुनी युक्ती आहे.

३ आणि ८, १ आणि ७, ६ आणि ०, ५ आणि इंग्रजी एस या जोड्या नेहमी फसवतात. खात्री नसलेला अंक खात्रीनं लिहू नका, त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा आणि दोन्ही शक्यता नोंदवा. पहिल्या दोन अंकांतली शंका साल बदलते, शेवटच्या अंकातली शंका सहसा काहीच बदलत नाही. म्हणून डोकं कुठे खपवायचं ते आधी ठरवा.

नंबराबरोबरची अक्षरं, तिरप्या रेघा, टिंब सगळं जसंच्या तसं उतरवा. इंग्लंडच्या विलियर्स कंपनीच्या छोट्या इंजिनांवर नंबराआधी अंक-अक्षरांची जी जोडगोळी असते ती मॉडेलची ओळख असते. ती सोडून नुसता नंबर कळवला तर तो कुठल्या मालिकेतला तेच समजत नाही. अंक एका ओळीत नसले, खोली कमी-जास्त असली तर घाबरू नका. नंबर पंचनं हातोडीनं ठोकायचे, त्यामुळे वाकडेपणा नैसर्गिक आहे. पण आधीचा अंक घासून त्यावर दुसरा ठोकलेला दिसत असेल, भोवतालचा पृष्ठभाग खोलगट झालेला असेल, तर ते लिहून ठेवा.

चौथी पायरी: यादीशी ताडा

इंग्लंड आणि अमेरिकेत जुनी इंजिनं जपणारे लोक भरपूर आहेत आणि त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या याद्या बनवल्या आहेत. यादी साधी असते: साल आणि त्या साली ठोकलेला पहिला नंबर. तुमचा नंबर ज्या दोन सालांच्या मध्ये बसतो, त्यातलं आधीचं साल घ्यायचं. इथे दोन गोष्टी पाहायच्या. यादी कारखान्याच्या वहीवरून बनली आहे की जिवंत राहिलेल्या इंजिनांवरून? आणि साल कुठलं? काही कंपन्या हिशेबाचं वर्ष धरायच्या, ते जानेवारीला सुरू होत नाही. सालाच्या सुरुवातीचा किंवा शेवटचा नंबर असेल तर त्यामुळे एक साल इकडे-तिकडे होतं.

यादी अर्धवट असली तरी अंदाज काढता येतो. लिंकनच्या रस्टन अँड हॉर्न्सबीचं उदाहरण घेऊ, कारण त्यांची मालिका सरळ वर चढत जाते. तिथे २ लाखांच्या आसपासचे नंबर १९४० च्या सुमाराचे, ३ लाखांच्या आसपासचे १९५०-५१ चे आणि ४ लाखांच्या आसपासचे १९५६-५७ चे. समजा तुमच्या इंजिनाचा नंबर ३५७ हजारांत आहे. म्हणजे ३ ते ४ लाखांच्या वाटेवर अर्ध्याहून थोडं पुढे. साधं त्रैराशिक मांडलं की १९५३-५४ च्या आसपास येतं. एवढं पुरेसं आहे. यातून महिना काढायचा प्रयत्न करू नका. मोठ्या ऑर्डरसाठी नंबरांचा गठ्ठा आधीच राखून ठेवायची पद्धत असेल तर नंतरचा नंबर आधी बनलेला असू शकतो.

रस्टनच्या बाबतीत आणखी एक सोय आहे, फार कमी लोक ती वापरतात. ही कंपनी खाणी आणि कारखान्यांसाठी छोटी डिझेल रेल्वे इंजिनंही बनवायची आणि त्यांचे नंबर याच मालिकेतले. रेल्वेप्रेमी मंडळी भयंकर काटेकोर. त्यांनी अशा एकेका इंजिनाचा नंबर आणि साल टिपून ठेवलं आहे. म्हणजे विहिरीवरच्या रस्टनचं वय काढायला इंग्लंडातल्या एखाद्या खाणीत फिरणाऱ्या रेल्वे इंजिनाच्या नंबराची मदत घेता येते. तुमच्या नंबराच्या अगदी जवळचा आधीचा आणि नंतरचा असे दोन नंबर मिळाले तर काम झालं.

यादीत साल सापडलं तरी ते कशाचं साल? नंबर ठोकल्याचं, पाठवल्याचं की विकल्याचं? जहाजानं मुंबईला यायचं, एजंटच्या गोदामात पडायचं, मग तालुक्याच्या गावी जायचं. कारखान्याच्या वहीतलं साल आणि तुमच्या मळ्यात हँडल पहिल्यांदा मारल्याचं साल यात सहज अंतर पडतं. दोन्ही वेगवेगळी लिहा.

पाचवी पायरी: प्लेटवरचं बाकीचं सगळं

माझ्या मते साल काढण्याचं खरं काम इथे होतं. नंबराची यादी मिळो न मिळो, प्लेटवरचा प्रत्येक शब्द एक तर 'याच्या आधीचं नाही' असं सांगतो किंवा 'याच्या नंतरचं नाही' असं. अशा दोन-तीन मर्यादा एकमेकींवर ठेवल्या की मधली जागा आपोआप अरुंद होत जाते.

पत्ता पहिला वाचा. पेटरचं उदाहरण सुंदर आहे. ही कंपनी मूळची इंग्लंडातल्या येओव्हिल गावची. याच घराण्यानं पहिल्या महायुद्धात विमानं बनवायला सुरुवात केली आणि वेस्टलँड कंपनी जन्माला आली. १९३० च्या दशकाच्या शेवटी इंजिनांचा धंदा ब्रश कंपनीकडे गेला आणि काम लफबरोला हलवलं गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पेटरचा पत्ता स्टेन्स झाला. म्हणजे प्लेटवर येओव्हिल असेल तर युद्धाआधीचं, लफबरो असेल तर युद्धाच्या आगेमागचं, स्टेन्स असेल तर युद्धानंतरचं. नंबर पूर्ण पुसलेला असला तरी एवढं कळतं.

मालकी बदलली की प्लेट बदलते. रिचर्ड हॉर्न्सबी अँड सन्स, ग्रँथम असं एकटं नाव असेल तर ते १९१८ च्या आधीचं, कारण त्या साली हॉर्न्सबी आणि रस्टन प्रॉक्टर एकत्र आले. लिस्टरच्या प्लेटवर हॉकर सिडली समूहाचा उल्लेख असेल तर ते १९६५ नंतरचं. पेटरवर तोच उल्लेख असेल तर १९५७ नंतरचं. 'लिस्टर-पेटर' असं जोडनाव दिसलं तर १९८६ नंतरचं, म्हणजे जुन्या इंजिनाचं कौतुक जरा आवरतं घ्यायला हरकत नाही.

मानकाचा क्रमांक हा दुसरा मोठा पुरावा, कारण त्यात साल छापलेलंच असतं. ब्रिटिश डिझेल इंजिनांवर 'बीएस ६४९' (बीएस म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड) असतं आणि पुढे साल, उदाहरणार्थ १९५८. तेव्हा इंजिन १९५८ च्या आधीचं नाही. पण ते १९५८ चंच आहे असंही नाही; पुढचं मानक येईपर्यंत तेच छापत राहतात. भारतीय इंजिनांवर 'आयएस १०००१' दिसलं तर १९८१ किंवा नंतरचं, 'आयएस १११७०' दिसलं तर १९८५ किंवा नंतरचं. हे दुसरं मानक खास शेतीच्या छोट्या डिझेल इंजिनांसाठीचं, त्यामुळे आपल्याकडे ते बरंच दिसतं. आयएसआयच्या नुसत्या चिन्हावरून मात्र फार काही ठरवू नका. ती संस्था १९८७ साली बीआयएस झाली, चिन्ह तसंच राहिलं.

आता खास आपल्याकडच्या खुणा. पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. प्लेटवर, मग ती कारखान्याची असो की एजंटची, सहा आकडी पिनकोड असेल तर ती प्लेट त्यानंतरची. त्याआधी मुंबईच्या पत्त्यात 'बॉम्बे १' असा नुसता विभागाचा आकडा असायचा, तोच पुढे ४००००१ झाला. 'पूना' हे स्पेलिंग १९७८ पर्यंतचं, त्यानंतर 'पुणे'. इथे थोडी सूट द्या, कारण जुन्या प्लेटांचा साठा संपेपर्यंत कारखाना त्याच वापरतो. 'बॉम्बे'चं 'मुंबई' १९९५ मध्ये झालं, पण तितकं नवं इंजिन असेल तर हा लेख तुम्हाला लागणारच नाही.

एजंटची वेगळी छोटी प्लेट असेल तर ती सोन्यासारखी जपा. मुंबई-पुण्याच्या पेढ्या आपलं नाव आणि पत्ता असलेली पट्टी इंजिनावर ठोकायच्या. पेढीचा पत्ता कधी बदलला, नावात भागीदार कधी आला, हे जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवरून शोधता येतं. वेळखाऊ काम आहे, पण जिल्हा वाचनालयात एखादी दुपार घालवायला निमित्त चांगलं मिळतं.

युद्धकाळातल्या काही इंजिनांवर लष्करी कंत्राटाची प्लेट असते आणि तिच्यावर साल सरळ लिहिलेलं असतं. अशी प्लेट असेल तर बाकीची मेहनत वाचते.

सहावी पायरी: अंगावरचे सुटे भाग

मॅग्नेटो, इंजेक्शन पंप (डिझेल फवारणारा), नोझल होल्डर या वस्तू इंजिनाच्या कारखान्यात बनत नाहीत, बाहेरून येतात. त्यांच्यावर स्वतःच्या खुणा असतात. लुकसच्या मॅग्नेटोवर अनेकदा महिना आणि साल बारीक ठोकलेलं असतं. ते इंजिनाच्या अंदाजित सालाच्या थोडं आधीचं निघालं तर छान जुळलं, कारण मॅग्नेटो आधी बनतो, मग इंजिनावर चढतो. दहा वर्षांनंतरचं निघालं तर मॅग्नेटो बदललेला आहे, एवढाच अर्थ.

डिझेल पंपावर 'सीएव्ही-बॉश' असं जोडनाव असेल तर तो १९३० च्या दशकाचा. ही भागीदारी १९३१ साली झाली आणि महायुद्धात तुटली. पंपावर 'मायको' असेल तर तो बंगळूरचा, आणि ती कंपनी १९५१ ची. डर्स्लीच्या लिस्टरवर मायकोचा पंप दिसणं अगदी नेहमीचं आहे. त्यातून इंजिनाचं वय कळत नाही, फिटरनं केव्हातरी पंप बदलला हे कळतं. सुटा भाग कधीही इंजिनाच्या वयाचा एकटा साक्षीदार म्हणून धरायचा नाही. तीन भाग एकाच सुमाराचे निघाले तर मात्र त्यांचं ऐकावं.

अमेरिकन ओतकामात काही वेळा महिना, दिवस, साल असे उठलेले आकडे असतात. तो भाग ओतल्याचा दिवस. मघाशी उठलेले आकडे सोडून द्या म्हटलं, त्याला हा अपवाद. फक्त अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो हे लक्षात ठेवा, नाहीतर १३ वा महिना कुठला असा पेच पडतो.

मॉडेलवरूनही चौकट ठरते. लिस्टरचं छोटं डी मॉडेल पेट्रोल इंजिन १९२६ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत राहिलं. जॉन डियरचं ई मॉडेल १९२३ ते १९४६. इंटरनॅशनल हार्वेस्टरचं एम मॉडेल १९१७ ते १९३७. लिस्टर डी सारख्या, जवळजवळ चाळीस वर्षं चाललेल्या मॉडेलला नुसती चौकट पुरत नाही. उलट पाच-सात वर्षंच निघालेलं मॉडेल असेल तर नंबराशिवायही काम भागतं.

रंगावर फारसा विश्वास नको. आपल्याकडे पोळा-दसऱ्याला इंजिनालाही हात फिरायचा आणि जो डबा उघडा असेल तो रंग लागायचा. ब्रॅकेटच्या मागे मूळ रंग सापडला तर त्याचा फोटो घेऊन ठेवा, पण त्यावरून साल काढू नका.

सातवी पायरी: घरातली कागदपत्रं

इंग्लंडातल्या माणसाला न मिळणारा एक पुरावा आपल्याकडे आहे, तो म्हणजे जमिनीचा कागद. जुनी इंजिनं रोखीनं थोडीच घेतली जायची. तगाई (सरकारी शेतीकर्ज), सोसायटीचं किंवा भूविकास बँकेचं कर्ज काढून घ्यायची. कर्ज जमिनीवर असेल तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढतो, आणि बोजा चढला की फेरफाराची नोंद होते, तारखेसकट. तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या गटाचे जुने फेरफार काढले तर 'इंजिनासाठी कर्ज' असा उल्लेख मिळू शकतो. त्यावरून इंजिन घरी कधी आलं हे कळतं. ही तारीख म्हणजे वरची मर्यादा: यानंतर ते बनलेलं असू शकत नाही. पण जुनं इंजिन दुसऱ्याकडून विकत घेतलं असेल तर ते कितीही आधीचं असू शकतं, हे विसरू नका.

त्याशिवाय देव्हाऱ्याजवळच्या पत्र्याच्या पेटीत बघा. एजंटची पावती, हमीपत्र, सुटे भाग मागवायचं पुस्तक. त्या पुस्तकात कुठल्या नंबरापासून कुठला भाग बदलला ते दिलेलं असतं, आणि तो बदल तुमच्या इंजिनात दिसतो का हे ताडता येतं. पावतीवर इंजिनाचा नंबर लिहिलेला असला तर तो प्लेटवरच्या नंबराशी जुळवा. जुळला नाही तर कदाचित घरात दोन इंजिनं येऊन गेली आहेत, एक विकलं गेलं.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, प्रसंग विचारा. 'इंजिन आलं तेव्हा कोयनेचा भूकंप होऊन गेला होता का?' या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं, आणि तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. १९७२ चा दुष्काळ हीही अशीच खूण, शिवाय त्या काळात विहिरी खोदणं आणि इंजिनं घेणं सगळीकडे चाललं होतं.

आठवी पायरी: सगळं एकत्र मांडा

समजा एका इंजिनाच्या प्लेटवर किर्लोस्करचं नाव आहे, 'पूना' लिहिलं आहे, पिनकोड नाही, आयएस क्रमांक नाही, पंप मायकोचा आहे. नंबर अर्धा पुसलेला. काय सांगता येईल? कंपनी १९४६ ची, म्हणून त्यानंतरचं. पिनकोड नाही, म्हणून बहुधा १९७२ च्या आधीचं, निदान फार नंतरचं नाही. मायकोचा पंप मूळचा असेल तर १९५१ नंतरचं, पण तो मूळचा आहे याची खात्री नाही. घरात १९६४ चा कर्जाचा फेरफार मिळाला आणि त्यात नवं इंजिन घेतल्याचं लिहिलं आहे. आता ते १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातलं असं म्हणायला आधार आहे. १९६३ असं ठोकून द्यायला नाही.

बाहेर कुणाला विचारायचं असेल, इंग्लंडात पॉइंटनच्या अँसन इंजिन म्युझियमला किंवा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या कूलस्प्रिंग पॉवर म्युझियमला, किंवा एखाद्या मेकच्या हौशी मंडळींना, तर 'माझं जुनं इंजिन, साल सांगा' एवढं लिहू नका. मेक, मॉडेल, प्लेटवरची प्रत्येक ओळ जशीच्या तशी, नंबर आणि त्यातले शंकास्पद अंक, घोडे आणि फेरे, फ्लायव्हीलचा व्यास आणि रुंदी, बोअर-स्ट्रोक मोजता आले तर ते. फोटो: पूर्ण इंजिन दोन्ही बाजूंनी, प्लेट सरळ समोरून, ठोकलेला नंबर कडेच्या उजेडात, मॅग्नेटो किंवा पंप. नंबरातले शेवटचे अंक झाकायची एक सवय काहींना असते. विकायची जाहिरात देताना ती ठीक, कारण पूर्ण नंबरावरून खोटी प्लेट बनवता येते. पण साल विचारताना नंबर पूर्णच द्यावा लागतो, म्हणून तो खासगीत कळवा.

आणि उत्तर आलं की एक कागद करा. त्यावर साल लिहा, सालाचा आधार लिहा, कुठली गोष्ट नक्की आणि कुठली अंदाजानं ते वेगळं लिहा, तारीख टाका. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून हँडल जिथे टांगता तिथेच ठेवा. इंजिन विकलं तर कागद त्याच्याबरोबर जाऊ द्या.